वणवा विझवायचा तो जानेवारीत

गडचिरोली जिल्ह्यात वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये इथल्या जंगलात पायवाट सापडत नाही, नाले दुथडी भरून वाहतात आणि चूल पेटवायची तर आधी लाकूड वाळवावे लागते. तेच जंगल मार्च-एप्रिलमध्ये एका काडीने पेटते. महाराष्ट्रात उपग्रहांना बहुतेक वर्षी सर्वांत जास्त वणवे दिसतात ते याच जिल्ह्यात.

एवढ्या पावसाच्या मुलखात एवढी आग कशी? याचे उत्तर पावसातच आहे. वणव्याला दोन गोष्टी लागतात: जळण्याजोगे भरपूर काही वाढले पाहिजे आणि मग ते सगळे एकाच वेळी कडकडीत वाळले पाहिजे. वाळवंटात दुसरी अट पुरी होते, पण वाढायलाच काही नसते. सदाहरित जंगलात पहिली अट पुरी होते, पण तिथला ओलावा उन्हाळाभर टिकतो. विदर्भाच्या पानझडी जंगलात चार महिने पाऊस आणि त्यानंतर सात-आठ महिने कोरडे, त्यामुळे दोन्ही अटी दरवर्षी नेमाने पुऱ्या होतात. पावसाळा सरपण वाढवतो, हिवाळा ते जमिनीवर अंथरतो आणि उन्हाळा ते वाळवतो.

वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानते. या चार महिन्यांत धुराचे लोट दिसतात, बातम्या येतात, धावपळ होते. पण आग किती पसरणार आणि कुठे अडणार, हे बऱ्याच अंशी त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत ठरून गेलेले असते. वणव्याविरुद्धची खरी लढाई धूर दिसण्याआधीची आहे आणि ती जंगलाच्या काठावरच्या गावांना सोबत घेतल्याशिवाय जिंकता येत नाही. या प्रकरणात हेच उलगडून पाहायचे आहे.

सरपण कसे तयार होते

सागाचे एक वाळलेले पान उचलून पाहा. झाडावर असताना ते हातभर लांब, खरखरीत आणि सपाट असते. डिसेंबरनंतर ते गळते, वाळताना त्याच्या कडा आत वळतात आणि जमिनीवर पडेपर्यंत त्याचा द्रोण झालेला असतो. असे शेकडो द्रोण एकमेकांवर पडले की त्यांच्यामध्ये भरपूर हवा खेळती राहते. चिंचेची किंवा आवळ्याची बारीक पाने जमिनीला चिकटून दाट थर करतात, त्यात हवा शिरत नाही आणि आग धुमसत राहते. सागाच्या पाचोळ्यात ती सरसर पुढे जाते. फेब्रुवारीअखेर सागवनात चालताना पाऊल घोट्यापर्यंत पाचोळ्यात रुतते आणि प्रत्येक पावलाला कर्रकर्र आवाज येतो. तो आवाज येऊ लागला, म्हणजे सरपण तयार झाले.

पाचोळ्याच्या जोडीला गवत असते. पावसात माणसाच्या कमरेएवढे वाढलेले गवत नोव्हेंबरपासून पिवळे पडते आणि उभ्या उभ्या वाळते. उभे गवत सर्वांत लवकर पेटते, कारण त्याला चहूबाजूंनी वारा मिळतो. मग येते घाणेरी, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात. ही मूळची अमेरिका खंडातली झुडपे आता आपल्या जंगलांत जागोजागी पसरली आहेत. जमिनीवरची आग घाणेरीच्या जाळीत शिरली की पुरुषभर उंच उठते आणि वरच्या फांद्यांना झळ पोचवते. बांबूचेही तसेच. मानवेल बांबूला अनेक दशकांनी एकदाच फुलोरा येतो आणि त्यानंतर एकेका टापूतली सगळी बेटे एकदम वाळून मरतात. ज्या भागात असा फुलोरा येऊन गेला, तिथे पुढची काही वर्षे वणव्याची धास्ती कैक पटींनी वाढलेली असते. पेटलेल्या बांबूच्या पेरांत कोंडलेली हवा तापून फुटते, तेव्हा गोळीबार व्हावा तसे आवाज होतात आणि निखारे दूरवर उडतात.

सगळेच सरपण सारखे वागत नाही. जाडी हा त्यातला महत्त्वाचा फरक. गवत आणि पाने तासाभरात हवेशी जुळवून घेतात: हवा कोरडी झाली की तीही कोरडी. अंगठ्याएवढ्या काटक्यांना त्यासाठी साधारण दहा तास लागतात, मनगटाएवढ्या फांद्यांना चार-पाच दिवस आणि पडलेल्या ओंडक्यांना महिना-दीड महिना. म्हणूनच मार्चमधली आग बहुतेक वेळा पाने जाळून पुढे सरकते आणि मे महिन्यातली आग ओंडक्यांत शिरून दिवसेंदिवस धुमसते. मधूनच अवकाळी पावसाची सर आली म्हणून निर्धास्त राहू नये, याचेही कारण हेच. ओंडका भिजलेला असला तरी दुपारच्या उन्हात पाने पुन्हा पेटायला तयार असतात.

ओलावा, वारा आणि उतार

वाळलेल्या पानांमधला ओलावा साधारण पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर असेल, तर आग सहसा पसरत नाही, पेटली तरी जागच्या जागी विझते. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी तो दहा टक्क्यांच्याही खाली जातो. रात्री हवा गार होते, तिच्यातली आर्द्रता वाढते आणि पाने थोडा ओलावा परत घेतात. त्यामुळे पहाटे वणवा मंदावतो आणि दुपारी बारा ते चारच्या दरम्यान भडकतो. अनुभवी वनरक्षक म्हणूनच आगीवर हल्ला चढवायला पहाटेची वेळ साधतात.

वारा आगीला ताजी हवा पुरवतो आणि ज्वाला पुढच्या सरपणावर वाकवतो. ज्वाला तिथे पोचण्याआधीच तिची धग पोचते, पुढची पाने वाळतात, त्यांतून पेट घेणारे वायू निघू लागतात आणि मग ती नुसत्या स्पर्शाने पेटतात. उतारावर हेच घडते, वारा नसला तरी. डोंगर चढणारी आग आपल्या वरच्या गवताच्या अगदी जवळ असते आणि गरम हवाही वरच जाते. वणव्याचा अभ्यास करणाऱ्यांचा एक ठोकताळा असा आहे की, चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. वीस अंशांच्या चढावर तो सपाटीच्या चौपट.

हा ठोकताळा माणसाच्या जिवावर कसा बेततो, हे मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात दिसले. कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेला गट वाळलेल्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. सह्याद्रीत उन्हाळ्यात भटकणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. धूर खालून येत असेल तर वरच्या दिशेला पळत सुटण्यात सर्वांत मोठा धोका आहे. आगीच्या वाटेतून आडवे बाजूला व्हावे, उघडा कातळ, नाल्याचे पात्र किंवा आधीच जळून गेलेली काळी जमीन गाठावी. जे एकदा जळून गेले, तिथे पुन्हा जळायला फारसे काही उरलेले नसते.

आपल्याकडचे वणवे अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांपेक्षा वेगळे आहेत, हेही समजून घ्यायला हवे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसे दगावली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातले पॅराडाइज हे गाव जवळजवळ पुरते बेचिराख झाले आणि ८५ जणांचा बळी गेला. तिथे निलगिरी आणि सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग असते. मध्य भारतात आग बहुतेक जमिनीलगत चालते, ज्वाला गुडघ्या-कमरेएवढ्या असतात आणि चार-सहा माणसे हाताशी असली तर ती अडवता येते. ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण तिच्यामुळेच आपण या आगीकडे दुर्लक्ष करतो. गावे जळत नाहीत, माणसे क्वचितच दगावतात, जून आला की सगळे हिरवे होते, आणि जंगलाचे काय गेले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

काडी का लागते

बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असे जंगलाजवळच्या गावांत आवर्जून सांगितले जाते. वीज पडूनही आग लागू शकते, पण आपल्याकडे विजा बहुधा पावसाला सोबत घेऊनच येतात. अशी कारणे अपवादानेच खरी ठरतात: भारतातल्या वणव्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वणवे माणसाच्या हातून लागतात, यावर अभ्यासक आणि वनाधिकारी यांचे एकमत आहे. मात्र ‘माणसाच्या हातून’ एवढे म्हणून थांबलो तर काहीच हाती लागत नाही. ती आग कुठल्या गरजेपोटी लागते, हे कळले तरच तिला पर्याय शोधता येतो.

पहिली गरज मोहफुलांची. मार्चच्या मध्यापासून तीन-चार आठवडे मोहाची फुले गळतात. मलईच्या रंगाची, रसाने भरलेली फुले रात्रभर आणि भल्या पहाटे पडत राहतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. घरोघरची झाडे वाटून घेतलेली असतात, आणि एका चांगल्या झाडाची फुले म्हणजे त्या कुटुंबाच्या हातात उन्हाळ्यात येणारा रोख पैसा. झाडाखाली पाचोळा असेल तर फुले त्यात हरवतात. तो झाडून काढायचा तर तास-दोन तास जातात, आणि पेटवला तर दहा मिनिटांत जमीन स्वच्छ. म्हणून आदल्या संध्याकाळी काडी लावली जाते. ती आग विझली की नाही, हे पाहायला मात्र कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की बुंध्याजवळचा एखादा निखारा जंगलात शिरतो.

दुसरी गरज तेंदूपत्त्याची. बिडीसाठी लागणारे मऊ, अखंड, एकसारखे पान तेंदूच्या कोवळ्या फुटव्यांवर मिळते. जुने खुंट जळाले की मुळांतून नवे धुमारे जोमाने येतात, म्हणून मार्चमध्ये जंगल जाळले की मे महिन्यात पान चांगले येते, असा समज रुजला. ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी, असा हा हिशेब. मे महिन्यातल्या त्या दहा-पंधरा दिवसांच्या मजुरीवर हजारो कुटुंबांचे पुढचे पावसाळी दिवस अवलंबून असतात. पण जो परिणाम आगीने साधतो, तोच फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटून साधता येतो. याला खुटकटाई किंवा बेटकटाई म्हणतात. त्याला मजुरी मोजावी लागते, काडीला लागत नाही. वणव्याचे अर्थकारण इतके साधे आहे.

सह्याद्रीकडे कारणे बदलतात. घाटमाथ्यावर जुने वाळके गवत जाळले की पावसाळ्यात गुरांना कोवळे गवत मिळते, ही समजूत पक्की आहे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, काटक्या आणि शेण पसरून ते उन्हाळ्यात भाजतात. बांधावरून ही आग सुटली की शेजारच्या आंबा-काजूच्या बागा तिच्या तोंडी जातात आणि एखाद्या घरची दहा-पंधरा वर्षांची मेहनत एका दुपारीत संपते. याखेरीज रस्त्यावरून जाणाऱ्याने फेकलेली जळती बिडी, सहलीला आलेल्यांनी न विझवलेली चूल, शिकारीसाठी किंवा अतिक्रमणासाठी मुद्दाम लावलेली आग, आणि तारांच्या ठिणग्या, ही कारणे तर सगळीकडेच आहेत.

या सगळ्यावर वाढत्या उष्म्याची भर पडते आहे. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ हा देशातला तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि फेब्रुवारी २०२३ हा तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. जे सरपण पूर्वी मार्चअखेर वाळायचे, ते आता महिनाभर आधी तयार होते. काडी लावायच्या सवयी मात्र होत्या तशाच आहेत.

जळते काय, उरते काय

वणवा गेल्यावर मोठी झाडे उभीच असतात, त्यामुळे फारसे काही बिघडले नाही असे वाटते. या झाडांची तयारीही खरेच चांगली असते. ऐनाची साल पाहा: मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, जाड आणि ओलावा धरून ठेवणारी. साग, तेंदू, पळस यांनीही आगीबरोबर जगायचे तंत्र कमावले आहे. पण ते तंत्र मोठ्या झाडाला उपयोगी पडते, रोपाला नव्हे. सागाचे वीतभर रोप मार्चच्या आगीत जळते, पावसात मुळातून पुन्हा फुटते, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा जळते. असे रोप उपटून पाहिले तर जमिनीखाली जाडजूड, गाठाळ मूळ असते आणि वर जुन्या जळक्या खुंटांच्या खुणा. वय कितीतरी वर्षांचे, उंची वीतभर. आग दोन-चार वर्षे चुकली, तर तेच रोप एका दमात डोक्याच्या वर जाते आणि मग त्याला आगीची भीती फारशी उरत नाही. दरवर्षी जळणाऱ्या जंगलात म्हातारी झाडे असतात, पण त्यांची जागा घेणारी तरुण पिढी नसते.

जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळही नेमका हाच. रातवा तर घरटे बांधतच नाही, पाचोळ्यातच अंडी घालतो. रंग पाचोळ्यासारखा, म्हणून शत्रूला दिसत नाही. या युक्तीचा आगीपुढे उपयोग नसतो. तित्तिर, रानकोंबडी, टिटवी, कासवे, सरडे, पाचोळ्याखालचे असंख्य कीटक आणि बुरशा यांचेही तेच. पाचोळा जळला की पानांतला नायट्रोजन धुराबरोबर हवेत जातो. राखेत कॅल्शियम, पोटॅश उरते खरे, पण जूनमधली पहिली जोरदार सर ती राख आणि उघडी पडलेली वरची माती नाल्यात घेऊन जाते. पाचोळा पावसाचा मार अंगावर झेलून पाणी हळूहळू जमिनीत मुरवतो. तो नसला की पाणी धावते, आणि जंगलाच्या काठावरच्या गावांच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आग नेहमीच आणि सगळीकडेच वाईट, असे शास्त्र म्हणत नाही. इंग्रजांच्या काळात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात १८६०च्या दशकात आगीपासून संरक्षणाचा पद्धतशीर प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो देशभर नेला गेला. पण १८९६ साली एच. स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात ब्रह्मदेशातल्या सागवनांचा दाखला देऊन हा आग्रह अतिरेकी असल्याचे मांडले. आग पूर्ण बंद केल्यावर दमट भागात बांबू आणि झुडपे इतकी माजली की सागाच्या रोपांना ऊनच मिळेना. पुढे अनेक ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला, ओलावा असताना हलकी आग देण्याची पद्धत स्वीकारली गेली. आज गवताळ माळरानांचे अभ्यासकही सांगतात की काही परिसंस्था आगीबरोबरच घडल्या आहेत.

म्हणून प्रश्न आग हवी की नको इतकाच नाही. ती कधी लागते, किती वेळा लागते आणि तिच्यावर कोणाचा ताबा असतो, हे महत्त्वाचे आहे. जानेवारीतली हलकी, राखलेली आग आणि एप्रिलमधली दरसालची मोकाट आग यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जाळरेषा

मोकाट आग अडवण्याचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे जाळरेषा. जंगलाच्या हद्दीवर, रस्त्यांच्या कडेने, रोपवनांभोवती आणि एका कक्षाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी अशी ही मोकळी पट्टी. रुंदी जागेप्रमाणे तीन, सहा किंवा बारा मीटर. कल्पना सोपी आहे: आगीच्या वाटेत जळायला काहीच ठेवायचे नाही. काम मात्र वेळेच्या काट्यावर करावे लागते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आधी पट्टीच्या दोन्ही कडांचे गवत कापून त्या कडा साफ करतात, म्हणजे मधला भाग जाळताना आग बाहेर जात नाही. मधले गवत वाळू देतात. मग जानेवारीत, दव ओसरल्यावर पण ऊन तापण्याआधी, किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर, दोन्ही कडांना माणसे उभी करून ते जाळतात. घाई केली तर गवत हिरवे असते आणि नीट जळत नाही. उशीर केला तर जाळरेषेचीच आग जंगलात सुटते. आणि एवढे करून काम संपत नाही, कारण सागाची पानगळ अजून चालू असते. फेब्रुवारीत साफ झालेल्या पट्टीवर मार्चमध्ये पुन्हा पाने पडतात, आणि आगीला पलीकडे जायला पानांचा सलग पट्टा पुरतो. म्हणून हंगामभर पट्टी पुन्हा पुन्हा झाडावी लागते. पूर्वी हे काम काटेरी फांद्यांच्या झाडूने होई. आता पाठीवरच्या ब्लोअरने एक माणूस कितीतरी लांबीची पट्टी थोड्या वेळात साफ करतो आणि पेटलेल्या आगीच्या पुढचा पाचोळाही हटवू शकतो. वणवा रोखण्याच्या कामात गेल्या काही वर्षांत सर्वांत उपयोगी ठरलेले यंत्र कोणते, असे विचारले तर बरेच वनरक्षक याच ब्लोअरचे नाव घेतील.

उपग्रहाचा संदेश आणि पायी जाणारा माणूस

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांचे इशारे देते. सुरुवातीला ‘मोडिस’ हे उपकरण वापरले जाई. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटरचा चौरस. पुढे ‘व्हीआयआयआरएस’ उपकरणाची माहिती मिळू लागली आणि ठिपका ३७५ मीटरवर आला. तापलेल्या जागेच्या अवरक्त किरणांवरून आग ओळखली जाते, ती जागा वनहद्दीच्या नकाशावर तपासली जाते आणि थेट त्या नियतक्षेत्राच्या वनरक्षकाच्या मोबाईलवर संदेश जातो. नाव नोंदवले तर सामान्य नागरिकालाही आपल्या भागाचे इशारे मिळू शकतात.

या यंत्रणेने २०२०-२१ च्या हंगामात देशात सुमारे ३ लाख ४६ हजार ठिकाणी आग टिपली. २०२३-२४ मध्ये हा आकडा सुमारे २ लाख ३ हजार होता. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकच मोठा वणवा उपग्रहाला अनेक ठिपक्यांत आणि अनेक दिवस दिसतो, म्हणून ठिपक्यांची संख्या म्हणजे वणव्यांची संख्या नव्हे. आणि उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली लहान आग त्याला दिसतच नाही.

संदेश आल्यावर पुढचे काम पायीच होते. एका वनरक्षकाकडे हजार-पंधराशे हेक्टरचे जंगल असू शकते. सोबतीला हंगामापुरते नेमलेले दोन-चार अग्निरक्षक. आग गाठल्यावर तिच्या तोंडासमोर उभे राहायचे नसते. मागच्या, जळून गेलेल्या बाजूने सुरुवात करून दोन्ही बगलांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपत पुढे सरकायचे आणि तोंड अरुंद करत न्यायचे. आग आवाक्याबाहेर असेल तर तिच्या पुढे पाचोळ्यातून पट्टी साफ करून, त्या पट्टीवरून उलट आग सोडतात. दोन आगी समोरासमोर येतात आणि सरपण संपून विझतात. हे काम वाऱ्याची नस ओळखणाऱ्यानेच करायचे. ज्वाला विझल्यावरही सुटका नसते. पोकळ बुंधे, ओंडके, शेणाच्या गोवऱ्या तासन् तास धुमसत राहतात. ते फोडून, मातीने झाकून, हात लावून थंड झाल्याची खात्री केल्याशिवाय निघाले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीच आग पुन्हा उठते.

या माणसांच्या पायांत चांगले बूट, अंगावर जाड सुती कपडे, पाठीवर पुरेसे पाणी आणि वेळेवर मजुरी असली पाहिजे. अग्निरक्षकाची नेमणूक मार्चमध्ये झाली आणि पैसे पावसाळ्यात मिळाले, तर पुढच्या वर्षी तो येणार नाही. त्याच्यासोबत त्याला ठाऊक असलेला प्रत्येक नाला आणि प्रत्येक पाऊलवाटही जाईल.

गावाचे जंगल, गावाचा पहारा

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. कलम २६ नुसार आग जाणूनबुजून किंवा अक्षम्य निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्कही सरकार काही काळ थांबवू शकते. कलम ७९ नुसार ज्यांना त्या वनात हक्क किंवा सवलती आहेत, त्यांनी आगीची खबर देणे आणि विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. कायदा हवाच. पण हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात काडी लावणारा हात पकडणे दुर्मीळ, आणि सगळ्या गावाचे हक्क थांबवले तर जंगल आपले नाही हीच भावना पक्की होते. जे आपले नाही, ते विझवायला भर उन्हात कोण धावेल?

२००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. ज्या जंगलावर गाव पिढ्यान् पिढ्या जगले, त्याच्या संरक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला मिळाला. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. आगीच्या दृष्टीने त्याहून बोलके उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या या लहानशा गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गावाने आपले नियम आपणच ठरवले. बांबू गाव स्वतः तोडते आणि विकते. जंगलाचा काही भाग हात न लावता राखून ठेवला. आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही, असे ठरवले. कारण त्यासाठी जंगलाला आग लागते, झाडांची तोड होते आणि बिडी आरोग्याला घातक आहे. हातचा रोख पैसा सोडण्याचा निर्णय कोणा अधिकाऱ्याने लादला नव्हता. बांबूतून नियमित उत्पन्न मिळू लागले आणि जंगल उद्याही आपलेच राहणार ही खात्री झाली, म्हणून गावाला तो परवडला.

प्रत्येक गावाला तेंदू सोडणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. पण आगीशिवाय तेंदू घेता येतो. खुटकटाईची मजुरी वेळेवर, फेब्रुवारीतच हातात पडली, तर काडीची गरज उरत नाही. मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर फुले मातीला न लागता स्वच्छ मिळतात आणि स्वच्छ फुलांना बाजारात भावही चांगला येतो. जाळी नसेल तिथे बुंध्याभोवतीचा पाचोळा झाडून एका जागी ढीग करायचा, हे निदान गावाने मिळून ठरवता येते. गवतासाठी डोंगर जाळण्याऐवजी डिसेंबरमध्ये ते कापून नेले, तर गुरांना वैरण मिळते आणि आगीचे सरपणही कमी होते. यातला एकही उपाय महागडा नाही. प्रत्येकाला लागते ते वेळेवर ठरवणे आणि वेळेवर दिलेला पैसा.

म्हणून वणव्याचे वेळापत्रक असे असायला हवे. नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेत बसून कुठली जाळरेषा कोण करणार हे ठरवावे. डिसेंबरमध्ये गवताची कापणी, जानेवारीत जाळरेषांची जाळणी. फेब्रुवारीत खुटकटाई, आणि अग्निरक्षकांच्या नेमणुका पहिल्या आठवड्यात. मार्चमध्ये मोहाखाली जाळ्या, आठवड्याला पट्ट्यांची झाडणी. एप्रिल-मेमध्ये पहारा, आणि जून लागला की कुठे जळले, का जळले याचा गावात बसून हिशेब. शहरातून जंगलात जाणाऱ्यांचेही यात काम आहे: उन्हाळ्यात गवताळ डोंगरावर चूल पेटवू नये, बिडी-सिगारेट नेऊ नये आणि धूर दिसला तर त्याचे चित्रीकरण करत उभे न राहता जवळच्या वनकर्मचाऱ्याला किंवा गावकऱ्याला लगेच कळवावे.

आपल्या जंगलांचे भाग्य असे की इथली आग कमरेएवढीच आहे, ती अडवता येते आणि तिची कारणे आपल्याला नेमकी ठाऊक आहेत. जगातल्या अनेक देशांना ही सवड आता उरलेली नाही. उन्हाळा लांबतो आहे, सरपण लवकर वाळते आहे आणि आपल्याकडची सवडही वर्षागणिक आखडत चालली आहे. वणव्यासाठी ठेवलेला पैसा, माणसे आणि लक्ष एप्रिलमधून उचलून डिसेंबर-जानेवारीत आणायला हवे. तो खर्च कशावर आणि कुठे व्हावा, हे ठरवण्याचा अधिकार त्या जंगलात राहणाऱ्या माणसांच्या हाती द्यायला हवा. एवढे केले, तर विदर्भातल्या सागाच्या वीतभर रोपांना सलग चार-पाच वर्षे बिनआगीची मिळतील. त्यांना झाड होण्यासाठी तेवढी पुरेशी आहेत.